परमुलखातली पत

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात माझे माहेर आहे आणि आमच्या घरी कर्ज हा शब्द नेहमी आवाज खाली आणून उच्चारला जात असे. सोसायटीची बेबाकी वेळेवर हातात पडली, आडत्याकडून घेतलेली उचल सोयाबीनच्या पट्टीतून वळती झाली आणि सातबाऱ्यावर बँकेचा बोजा राहिला नाही, की ते वर्ष चांगले गेले असे वडील म्हणत. २०१७ च्या ऑक्टोबरात नवऱ्याच्या नोकरीमुळे मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात राहायला गेले तेव्हा आपल्याकडे कुणाचा एक रुपयाही निघत नाही, हीच आपली मोठी जमेची बाजू आहे असा माझा पक्का समज होता. वर्षभराने तिथल्या एका बँकेकडे स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड मागितले तेव्हा त्या बँकेने नेमक्या त्याच कारणासाठी मला नकार दिला.

ते नकाराचे पत्र मी अजून जपून ठेवले आहे. त्यात अर्ज फेटाळण्याची दोन कारणे दिली होती: अर्जदाराच्या नावावर पतइतिहास, म्हणजे उधार घेऊन फेडल्याची नोंद, आढळत नाही आणि अर्जदाराच्या नावावर कोणतेही चालू कर्जखाते नाही. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत निर्णय कळवणे आणि नकार असेल तर त्याची कारणे देणे, किंवा ती मागून घेण्याचा हक्क तरी अर्जदाराला सांगणे, तिथल्या सावकार संस्थांना बंधनकारक आहे. ज्या कायद्यामुळे हे घडते तो समान पतसंधीचा कायदा १९७४ चा आहे. त्याआधी अमेरिकेतही बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कार्ड किंवा कर्ज नाकारले जाणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती, हे मला त्या पत्राच्या निमित्ताने वाचताना कळले आणि आमच्या गावातल्या कितीतरी जणींची आठवण झाली. शेतात आयुष्य गेले तरी सातबाऱ्यावर ज्यांचे नाव लागले नाही अशा त्या बायका होत्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकांच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली, तेव्हा ती कशासाठी होती हे मला लहानपणी समजले नव्हते, ते परदेशात समजले.

माझा व्हिसा एच-४ होता, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला. या व्हिसावर काम करण्याची वेगळी परवानगी मिळालेली नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, मिळत नाही आणि बहुतेक बँकांचे ऑनलाइन अर्ज त्या क्रमांकाच्या रकान्यापाशीच अडतात. हा क्रमांक कायद्याने अनिवार्य नाही, त्याच्याऐवजी आयटीआयएन हा करदात्याचा क्रमांक घेणाऱ्या बँका आहेत, ही गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नाही. नवऱ्यासोबत संयुक्त विवरणपत्र भरताना डब्ल्यू-७ हा फॉर्म जोडला की जोडीदाराला तो मिळू शकतो. तो नऊ आकडी असतो आणि ९ पासून सुरू होतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट टपालाने पाठवून आठवडेच्या आठवडे धास्तीत काढण्याची गरज नसते. कर खात्याच्या मदत केंद्रात वेळ घेऊन गेले तर पासपोर्ट तिथेच तपासून परत देतात.

त्याआधी आम्ही सोपा मार्ग म्हणून नवऱ्याच्या खात्यावर माझ्या नावाचे पुरवणी कार्ड काढले होते. दुकानात ते चालत होते, त्यावर माझे नाव छापलेले होते, त्यामुळे आपली पत तयार होत आहे असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ते कार्ड काढताना माझा कोणताही क्रमांक दिलेला नसल्यामुळे त्याची एकही नोंद माझ्या नावावर जात नव्हती. जवळजवळ दहा महिने मी नवऱ्याच्या पतइतिहासात भर घालत होते, याचे मला आजही वाईट वाटते, कारण बँकेत एक फोन करून हा प्रश्न आधीच विचारता आला असता. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगते की पुरवणी कार्ड अवश्य घ्यावे, परंतु त्याची नोंद पतनोंदी ठेवणाऱ्या ब्युरोकडे आपल्या नावाने जाते का, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

नकारानंतर मी ठेवीवरचे कार्ड घेतले, ज्याला तिकडे सिक्युअर्ड कार्ड म्हणतात. मी ३०० डॉलर बँकेकडे अनामत ठेवले आणि बँकेने मला ३०० डॉलरचीच मर्यादा दिली. आपलेच पैसे ठेवून आपल्यालाच उधार घ्यायचे, यात काय अर्थ आहे, असे मला सुरुवातीला वाटले. उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहावे हाही प्रश्न होता. मात्र अर्जदाराचे वय २१ किंवा त्याहून अधिक असेल तर जोडीदाराचे जे उत्पन्न तिला वापरायला मिळते ते तिला दाखवता येते, असा बदल तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१३ मध्ये केला आहे. घर सांभाळणाऱ्या बायकांना कार्ड मिळेनासे झाले होते, म्हणून तो करावा लागला.

हे सगळे मी आईला फोनवर सांगितले. आई गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे आणि गटाची वही तिच्याच हातची असते. तिने आधी विचारले, “शेकडा किती?” मी हिशेब करून सांगितले की बिल थकवले तर साधारण शेकडा दोन, आणि पूर्ण बिल मुदतीत भरले तर काहीच नाही. “मग हे आमच्या गटासारखंच की गं,” ती म्हणाली. “आम्हाला तरी बँकेनं पहिल्या दिवशी कुठं कर्ज दिलं? सहा महिने वही बघितली, मग साहेब बोलला.”

आईच्या त्या एका वाक्याने मला जे समजले ते महिनाभर वाचूनही समजले नव्हते. बचत गटाला बँकेशी जोडताना गट किमान सहा महिने पंचसूत्रीप्रमाणे चालला पाहिजे, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही अट असते. गटातल्या बायका आपलीच बचत आपल्यालाच कर्जाऊ देतात आणि फेडतात, ते बँकेला वहीत दिसावे म्हणून. अमेरिकेत सर्वाधिक वापरला जाणारा फायको गुणांक, म्हणजे माणसाची पत दाखवणारा आकडाही, किमान एक खाते सहा महिने जुने झाल्याशिवाय तयार होत नाही. तो ३०० ते ८५० या दरम्यान असतो, आणि त्यातला ३५ टक्के भाग वेळेवर केलेल्या परतफेडीचा व ३० टक्के भाग देण्यांचा आणि मर्यादेपैकी किती रक्कम वापरली याचा असतो. तिथली वही एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन ब्युरोंकडे असते, एवढाच फरक. पत, पतपेढी, ऐपत हे शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहेत. बाजारात ज्याची पत आहे तो मनुष्य कधीही उधार न घेणारा नसतो, घेतलेले शब्दाप्रमाणे परत करणारा असतो, हे आडत बाजारातला कोणताही व्यापारी सांगेल.

त्या कार्डावर मी दर आठवड्याला फक्त दूध आणि भाजी घेत असे. बिल तयार झाल्यापासून पैसे भरायला किमान २१ दिवस मिळालेच पाहिजेत असा तिथे २००९ पासून कायदा आहे, तरीही मी बिल आले की त्याच संध्याकाळी भरून टाकत असे. सातव्या महिन्यात माझा पहिला गुणांक दिसला तेव्हा मी तो आईला फोनवर वाचून दाखवला. तिने तो वहीत टिपून घेतला.

एक चूक मात्र झाली. २०१९ च्या दिवाळीत आम्ही भारतीय किराणा दुकानातून फराळाचे सामान, पणत्या आणि मित्रमंडळींसाठी मिठाई असे २६२ डॉलरचे सामान त्या ३०० डॉलर मर्यादेच्या कार्डावर घेतले. बिल आल्यावर मी नेहमीप्रमाणे पूर्ण भरले, तरी गुणांक चांगलाच खाली आला. ब्युरोकडे जी रक्कम कळवली जाते ती बहुधा बिल तयार होण्याच्या दिवशीची असते. आपण ती दोन दिवसांनी भरतो की वीस दिवसांनी, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्या दिवशी माझी नोंद मर्यादेच्या ८७ टक्के वापर अशी गेली होती. पुढच्या महिन्यात नुकसान आपोआप भरून निघाले, परंतु तेव्हापासून मोठी खरेदी झाली की मी बिल तयार होण्याची वाट न पाहता आधीच पैसे भरत असे. २०२० च्या सुरुवातीला बँकेने माझी अनामत परत केली आणि मर्यादा वाढवली.

नावाचा घोळ हा आपल्या मराठी माणसांचा खास प्रश्न आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे. पासपोर्टवर मात्र पहिली दोन नावे एकाच रकान्यात येतात. माझ्या आयटीआयएनच्या पत्रावर नवऱ्याचे नाव मधले नाव म्हणून आले होते, बँक खाते उघडताना मी ते गाळले होते आणि एका अर्जात मी दोन्ही नावे जोडून लिहिली होती. परिणामी एका ब्युरोकडे माझ्या नावाच्या दोन स्वतंत्र नोंदी तयार झाल्या आणि त्या एकत्र करून घेण्यासाठी मला पासपोर्टची प्रत, घरभाड्याचा करार आणि वीजबिल जोडून पत्र लिहावे लागले. म्हणून पहिल्या अर्जात जे नाव लिहाल तेच, अक्षरही न बदलता, पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावे. आमच्या शेजारच्या धाराशिवच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना याच्या जोडीला आणखी एक अडचण येते. त्यांच्या जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून उस्मानाबाद किंवा औरंगाबाद असते आणि २०२३ नंतरच्या दाखल्यांवर नवे नाव असते. त्यांनी दोन्हींचा मेळ दाखवणारा कागद सोबत ठेवावा.

इतर देशांत रीत निराळी आहे. ब्रिटनमध्ये भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार यादीत नाव नोंदवू शकतो आणि त्या नोंदीमुळे पत्त्याची खात्री पटून कार्ड मिळणे सोपे जाते. पुष्कळ विद्यार्थ्यांना आपल्याला हा हक्क आहे हेच माहीत नसते. जर्मनीत शुफा ही संस्था पतनोंदी ठेवते आणि तिथे पत्त्याची नोंदणी झाल्याशिवाय पुढचे काही हलत नाही.

आम्ही गेलो तेव्हा भारतातली पत तिकडे सहसा कुणी विचारात घेत नसे. २०१९ पासून अमेरिकन एक्स्प्रेसने नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत काही देशांतल्या पतनोंदी अमेरिकेतल्या अर्जासाठी ग्राह्य धरायला सुरुवात केली आणि त्यांत भारत आहे. त्यामुळे जाण्यापूर्वी सिबिलची, म्हणजे आपल्याकडच्या पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थेची, नोंद चांगली असणे आता खरोखर उपयोगाचे आहे. आमच्याकडे याच्या उलट घडले. नवऱ्याचे एक भारतीय कार्ड बंद न करता आम्ही निघालो, त्याचे ५९० रुपयांचे वार्षिक शुल्क थकले, सूचना बंद पडलेल्या सिमकार्डावर जात राहिल्या आणि त्या ५९० रुपयांपायी त्याच्या नोंदीवर थकबाकीचा डाग पडला.

२०२३ मध्ये आम्ही लातूरला परत आलो. परदेशात राहत असताना मिळवलेले परकीय चलन व मालमत्ता परत आल्यावरही बाळगण्याची मुभा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ६(४) मध्ये आहे, त्यामुळे तिथले बँक खाते आम्ही चालू ठेवले आहे. मात्र प्राप्तिकराच्या दृष्टीने सर्वसाधारण निवासी झाल्यावर त्या खात्याची माहिती विवरणपत्राच्या एफए या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात न चुकता द्यावी लागते. कार्डाच्या बाबतीत पत्ता आणि फोन या दोन गोष्टी अडवतात. पत्ता बदलल्यावर कार्ड चालू ठेवता येईल का, हे मी निघण्यापूर्वीच बँकेला लेखी विचारून घेतले. फोन क्रमांक स्वस्त योजनेवर जिवंत ठेवला आहे, कारण ओटीपी तिकडच्या क्रमांकावरच येतो. तिकडे असताना माझे भारतीय सिम आईच्या फोनमध्ये होते. मिशिगनमध्ये रात्रीचे नऊ वाजलेले असत, इकडे सकाळचे साडेसहा, आणि आई चुलीवरचा चहा बाजूला ठेवून चष्मा लावून मला एकेक आकडा वाचून दाखवत असे. आईशिवाय कुणाला मी तो आकडा वाचू दिला नसता. आता तसेच एक सिम माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ते कार्ड मी इथे क्वचितच वापरते. परदेशी व्यवहाराचे शुल्क नसलेले कार्ड निवडले नसेल तर प्रत्येक खरेदीवर ३ टक्क्यांच्या आसपास रक्कम जाते, आणि यंत्राने रुपये की डॉलर असे विचारले तर रुपयेच निवडावे लागतात, नाहीतर यंत्रामागची कंपनी आपल्या दराने रूपांतर करते आणि तो दर महाग पडतो. अजिबात न वापरलेले कार्ड बँक बंद करू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी मी त्यावर एखादे पुस्तक घेते.

सध्या आमच्या गल्लीतली एक मुलगी पुढच्या जानेवारीत उच्च शिक्षणासाठी मिशिगनलाच निघाली आहे. तिचा सिबिल अहवाल आम्ही दोघींनी बसून काढला, तेव्हा गुणांकाच्या जागी उणे एक असे आले, म्हणजे नावावर काहीच इतिहास नाही. आईने वहीवरून मान वर करून विचारले, “जायला किती महिने आहेत?” सात होते. त्याच आठवड्यात त्या मुलीने वडिलांकडून २०,००० रुपये घेऊन आपल्या नावावर मुदत ठेव केली आणि ठेवीवरचे कार्ड काढले. परवा तिचे पहिले बिल आले, ६४० रुपयांचे, आणि ते भरल्याची पावती तिने आईला दाखवायला आणली होती.