तुम्ही विचारलंत म्हणून: तो ठिपका कोणाचा?

विज्ञान दिनाला पुण्यात दुर्बिणीपाशी रांग लागली की एक प्रश्न हमखास येतो: "फोटोत नवा ठिपका उमटला, तर तो हरवलेला धूमकेतू की फुटलेला तारा, हे तुम्हाला कळतं कसं?"

नुसतं बघून नाहीच कळत. धूमकेतू ओळखायचा चालीवरून, अतिनवतारा म्हणजे फुटलेला तारा वर्णपटावरून, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत पसरवून.

धूमकेतू 'हरवतो' तेव्हा बहुधा तो आपल्या वाटेने निमूट जात असतो. चुकलेलं असतं ते आपलं गणित. सूर्याजवळ त्याच्या बर्फाची वाफ होते, झोत सुटतात आणि त्यांच्या रेट्याने तो थोडा लवकर किंवा उशिरा परततो. गुरूजवळून गेला तर कक्षाच बदलते. १८६२ मध्ये दिसलेला स्विफ्ट-टटल हिशोबाने १९८२ च्या आसपास यायला हवा होता. आला नाही. १७३७ चा धूमकेतू हाच असेल तर तो १९९२ च्या अखेरीला येईल, असं खगोलशास्त्रज्ञ ब्रायन मार्सडेन यांनी आधीच म्हटलं होतं, आणि तो १९९२ मध्ये सापडला. बिएला मात्र खरंच संपला: १८४६ मध्ये त्याचे दोन तुकडे दिसले, १८५२ नंतर काहीच नाही.

शोधताना सगळं आकाश चाळायचं नसतं. उपसूर्याला, म्हणजे सूर्याच्या सर्वात जवळच्या बिंदूला, पोहोचण्याची वेळ एकेक दिवस पुढेमागे करत गेलं की अंदाजित जागा आकाशात एका रेषेवर सरकते. कॅमेरा त्या रेषेवरून न्यायचा. अर्ध्या-अर्ध्या तासाने निदान तीन फोटो हवेत. धूमकेतू अंधूक असतो म्हणून छोटे छोटे फोटो त्याच्या अपेक्षित गतीने सरकवून एकावर एक रचतात. गती चुकीची धरली तर तो पुसट होऊन नाहीसाच होतो. संगणकाचं घड्याळ हा आणखी एक छुपा घोटाळा: मिनिटाला एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) सरकणाऱ्या धूमकेतूची नोंद ३० सेकंदांनी चुकली तर जागा अर्ध्या विकलेने चुकते. दुसऱ्या रात्रीही तो गणिताच्या जागी सापडला, तरच बोलायचं.

अतिनवतारा हलत नाही. आधी जुन्या फोटोत ती जागा रिकामी होती का ते पाहायचं आणि तासाभराने पुन्हा फोटो घ्यायचा, म्हणजे लघुग्रह गाळला जातो. वर्णपट मिळेपर्यंत त्याच्या नावाच्या आधी 'एटी' असतं, प्रकार ठरला की 'एसएन'. जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या 'आयुका' या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावरच्या उपकरणाने असा वर्णपट घेता येतो.

६३५५ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) सिलिकॉनची रेषा, दीर्घिकेचा वेग वजा केल्यावर, ६१२० ला खोल खड्ड्यासारखी दिसली तर तो टाइप वन-ए. त्या सरकण्यावरून द्रव्याचा वेग सेकंदाला सुमारे ११,००० किलोमीटर निघतो. रुंद हायड्रोजन रेषा असतील तर टाइप टू. हायड्रोजन नाही पण हेलियम आहे तर वन-बी, दोन्ही नाहीत आणि सिलिकॉनचा तो खड्डाही ठळक नाही तर वन-सी. शेवटचा प्रकार वन-ए म्हणून सहज खपतो, विशेषतः दीर्घिकेचा वेग माहीत नसताना. जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं की ते काहीतरी जुळवून देतंच!

चुका बहुतेक वर्णपट घेतानाच होतात. तारा क्षितिजाकडे झुकलेला असला की हवा निळा आणि लाल प्रकाश वेगळा पाडते. उपकरणात प्रकाश शिरतो ती फट त्या दिशेला उभी धरली नाही तर निळा भाग निसटतो. शेजारच्या वायुमेघाची बारीक हायड्रोजन रेषा मिसळली तर उगाच टू-एन (बारीक हायड्रोजन रेषांचा टाइप टू) वाटतो, म्हणून पार्श्वभूमी दोन्ही बाजूंनी घेऊन वजा करायची.

शिवाय पहिला वर्णपट अंतिम नसतो. एम८१ या दीर्घिकेतल्या १९९३जे या अतिनवताऱ्यात आधी हायड्रोजन दिसला, काही आठवड्यांनी हेलियम. प्रकार ठरला टू-बी, म्हणजे टू आणि वन-बी यांच्या मधला. पुन्हा बघायचे नेमके ते आठवडे जूनमध्ये आले की पंचाईत, कारण तेव्हा गिरवलीवर ढग असतात.