चॅटबॉट बसवा, पण आधी कॅटलॉग तरी बघा

सध्या कॉलेजच्या लायब्ररींमध्ये नवीन टूम आलीये, वेबसाइटवर एआय चॅटबॉट पाहिजे. कॉलेजला ग्रेड देणारे नॅकवाले येणार असले की मग तर पाहिजेच पाहिजे. आणि सेमिनारमध्ये पहिल्याच स्लाइडवर ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांचा 1931 चा चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा, तो टाकला की झालं, पुढे कोणी काही विचारत नाही.

माझा विरोध नाहीये हं. लायब्ररी किती वाजता बंद, फाइन किती, नो ड्यूज कुठे मिळेल, हे दिवसभर सांगून काउंटरवरच्या माणसाचं तोंड दुखतं, ते काम बॉटने खुशाल करावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनच्या लायब्ररीने 2014 मध्येच असा बॉट सुरू केला होता, चॅटजीपीटी यायच्या कितीतरी आधी, पण त्याला शिकवलेलं तेवढंच तो बोलायचा. आत्ताचे बॉट न शिकवलेलंही बोलतात, आणि घोळ तिथेच आहे.

मुलं प्रोजेक्टसाठी चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेऊन येतात, लेखक खरा, प्रकाशक खरा, साल पण टापटीप, फक्त पुस्तक जगात कुठेच नाही. आपण शोधून शोधून थकतो आणि समोरच्याला वाटतं की ह्यांना शोधायचा कंटाळा. 2025 च्या मे मध्ये शिकागो सन-टाइम्सने उन्हाळ्यात वाचायच्या 15 पुस्तकांची यादी छापली, त्यातली 10 एआयने रचलेली निघाली, मग आपल्या टीवायच्या पोरांना काय बोलायचं.

आता कंपनीवाले म्हणतात बॉट तुमच्या कॅटलॉगलाच, म्हणजे लायब्ररीतल्या पुस्तकांच्या यादीलाच जोडतो, म्हणजे तो तुमच्याकडे असलेलंच पुस्तक सांगेल. बरोबर आहे, पण कॅटलॉग कसाय ते बघितलंय का कोणी? आमच्याकडे मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी सगळ्या रोमनमध्ये, ज्या वर्षी जो एन्ट्री करायला बसला त्याचं स्पेलिंग. ज्ञानेश्वर कुठे डी-एनने सुरू, कुठे जे-एनने, कुठे जी-वायने. मुलगा देवनागरीत टाइप करणार, बॉट छान नम्रपणे सांगणार की असं पुस्तक उपलब्ध नाही, आणि पुस्तक मराठी साहित्याच्या 891.46 नंबरच्या रॅकवर धूळ खात पडलेलं. म्हणजे एकदा न असलेलं पुस्तक आहे म्हणणार आणि एकदा असलेलं नाही म्हणणार.

बरं ह्याला उपाय नाही असंही नाही. कोहा ह्या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी व्यवस्थित चालते, कॅटलॉगच्या नोंदींचा जो ठरलेला साचा आहे मार्क 21, त्यात 880 हे फील्ड मूळ लिपीतल्या नोंदीसाठीच ठेवलंय. फक्त एकेक पुस्तक हातात घेऊन एन्ट्री दुरुस्त करायला मराठी नीट येणारा माणूस लागतो, तोही वर्षभर तरी. चॅटबॉटला बजेट लगेच मंजूर होतं, डेटा एन्ट्रीला एक माणूस द्या म्हटलं की पुढच्या वर्षी बघू.