कुणाच्या हुकुमावरून?

काकांचा फोन सकाळी सहाला आला, शेजाऱ्याच्या मोबाईलवरून. “दारं उघडलेत रे. सोयाबीन गेलं पाण्याखाली. कॅमेरा घिऊन ये लवकर.”

तो दिवस पोळ्याचा होता, २ सप्टेंबर २०२४. आदल्या दिवसापासून परभणी, हिंगोली, नांदेड सगळीकडे पाऊस कोसळत होता. काकांचं रान धरणाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. साडेतीन एकर, शेंगा भरत आलेल्या. पीक विमा कंपनीला ७२ तासांच्या आत कळवायचं, ॲपवर फोटो टाकायचे, आणि काकांचा मोबाईल रात्रीच भिजून बंद पडलेला. माझा परभणीत फोटो स्टुडिओ आहे, बाबांनी सुरू केलेला. जगाची लग्नं टिपतो आणि चुलत्याच्या नुकसानीचा एक फोटो निघाला नाही, असं झालं असतं तर मला त्या घरात तोंड दाखवता आलं नसतं.

रानातले फोटो झाले. बैलांच्या शिंगांना आदल्या दिवशीच हिंगूळ लावून ठेवलेला, पण मिरवायला न्यायचं कुठं? गोठ्यात घोटाभर पाणी. मग काका म्हणाले, “धरणाचेबी काढ. पाणी कुठून आलं ते दिसाया पाहिजे.” मला पटलं. पंचनाम्याला माणूस चार दिवसांनी येतो. तोवर पाणी उतरतं आणि मग वाद सुरू होतो, पीक पावसानं गेलं का सोडलेल्या पाण्यानं. दोन्हीकडचे फोटो एकाच तासातले असले आणि कॅमेऱ्यातली वेळ बरोबर लावलेली असली, तर दाखवायला काहीतरी हातात राहतं.

धरणाच्या खालचा पूल सार्वजनिक रस्त्याचा आहे, एसटी जाते त्यावरून. त्या सकाळी तिथं शंभरेक माणसं उभी होती. निम्म्यांच्या हातात मोबाईल, दोघं-तिघं तर फेसबुकवर लाईव्ह. मी ७०-२०० ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली. चार-पाच फोटो झाले असतील, मागून गार्डची हाक आली.

“ओ भाऊ, काय करायलाव? धरणाचे फोटू काढायची बंदी हाय.”

“कुठं लिहिलंय?”

“लिहायचं काय त्यात? सुरक्षेचा विषय हाय.”

मी मोबाईलवाल्यांकडे हात केला. तो म्हणाला, “त्यांचं येगळं. तुमचा कॅमेरा मोठा हाय.”

गार्डवर माझा राग नाही. पावसात रात्रभर उभा होता बिचारा, पायात प्लास्टिकची चप्पल. पण त्यानं वरच्या माणसाला बोलावलं आणि तिथून पुढं बिघडलं. त्या माणसानं माझ्या आधार कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला. कशासाठी, ते सांगितलं नाही. मग म्हणाला, “कार्ड रिकामं करा माझ्यासमोर, नाहीतर ठाण्यात चला.” मी सांगून पाहिलं की यात रानातले फोटो आहेत, विम्यासाठीचे. “सगळे.” काका शेजारी उभे होते. पासष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात कुणापुढं वाकला नाही. ते हळूच म्हणाले, “जाऊ दे बाबा, करून टाक.” त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी ४१ फोटो पुसले.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट इथंच सांगतो. कार्डवरून फोटो पुसला की तो लगेच नाहीसा होत नाही. यादीतून त्याचं नाव जातं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथंच असतो. त्यामुळे त्या कार्डवर पुन्हा एकही फोटो काढायचा नाही, फॉरमॅट करायचं नाही, कार्ड काढून खिशात टाकायचं. घरी येऊन मी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं, रात्री साडेअकरापर्यंत ३८ फोटो परत आले. विम्याची तक्रार मुदतीत गेली.

माझं डोकं मात्र त्या एका वाक्यावर अडकलं होतं. लिहायचं काय त्यात?

माझा मावसभाऊ औरंगाबाद खंडपीठात वकिली करतो. त्यानं मला शासकीय गुपिते कायदा वाचायला दिला, १९२३ चा, इंग्रजांनी केलेला. धरण, स्टेशन, पूल असं काही आलं की लोक याच कायद्याचं नाव घेऊन घाबरवतात, आणि घाबरण्यासारखा तो आहेच. कलम ३ मध्ये देशाच्या सुरक्षेला बाधा आणायच्या हेतूनं प्रतिबंधित ठिकाणाचा नकाशा किंवा चित्र केलं तर तीन वर्षांपर्यंत, आणि लष्करी कामाशी संबंध असला तर चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. पण ‘प्रतिबंधित ठिकाण’ म्हणजे काय, तेही त्याच कायद्यात कलम २ मध्ये लिहिलंय. लष्कराच्या जागा त्यात आपसूक येतात. पाण्याची, विजेची कामं, रेल्वे, रस्ते यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढून ते ठिकाण प्रतिबंधित जाहीर करायला हवं. आणि पुढची ओळ मी तीनदा वाचली: त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी लावलेली हवी, इंग्रजीत आणि तिथल्या लोकांच्या भाषेत.

म्हणजे मराठीत. काकांना वाचता येईल अशी. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला सुद्धा वाटलं की बंदी घालायची तर ती तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत, डोळ्यांनी दिसली पाहिजे. आणि आज आपलाच माणूस आपल्याला विचारतो, लिहायचं काय त्यात.

मावसभावानं आणखी दोन निकाल दाखवले. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात कुणी व्हिडिओ काढला म्हणून याच कायद्याखाली गुन्हा लागला होता. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं तो रद्द केला, कारण पोलीस ठाणं त्या व्याख्येत बसतच नाही. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पाथर्डीच्या प्रकरणात तेच सांगितलं. आत पोलीस बसलेले असतात त्या ठाण्याची ही गोष्ट. मी तर एसटीच्या रस्त्यावर उभा होतो.

पोलिसांना पुरावा म्हणून कॅमेरा ताब्यात घ्यायचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १०६ खाली घेता येतो, पण गुन्ह्याचा संशय असावा लागतो आणि जप्ती न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कागद होतो. फोटो उभ्या जागी पुसायला लावण्याचा अधिकार मला कुठल्याच कलमात सापडला नाही. आणि विचार केला तर ते सुरक्षेच्याही उलट आहे. मी खरोखर घातपाती असतो, तर माझ्याविरुद्धचा पुरावा त्यांनीच माझ्याकडून नष्ट करून घेतला असता.

मला बंदीचं वावडं नाही. २६/११ नंतर स्टेशनवर, धरणावर माणसं सावध झाली, व्हायलाच हवीत. धरणाच्या दारांची यंत्रं, आतली गॅलरी यांचे फोटो कुणी काढू नयेत हे मला समजतं. माझ्या धंद्यात तर ‘नाही’ ऐकायची सवय लागते. नवरीकडच्या बायका हळद लावताना नको म्हणाल्या की मी बाहेर येतो. नदीवर आंघोळीला आलेल्या बाईकडे लेन्स वळवणाऱ्याचा कॅमेरा तिथंच थांबवला पाहिजे. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय, आणि त्याआधीही ते कळायला न्यायालय लागत नव्हतं. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्यानं देशभरातल्या स्मारकांच्या आवारात फोटोची मोकळीक दिली, तेव्हाही अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबर वगळली. मातीच्या गिलाव्यावरचे ते रंग प्रकाशानं विटतात. कारण कळलं, मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि डोळ्यांनी पाहिलं.

लग्नांसाठी माझ्याकडे ड्रोन आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर लाल, पिवळा, हिरवा असे भाग दाखवलेत. मंगल कार्यालय कुठल्या रंगात पडतं ते मी आदल्या रात्री घरी बसून बघतो. लाल असलं तर नवरदेवाला सांगतो, होणार नाही. त्यावर भांडण होत नाही, कारण ते आधीच लिहिलेलं आहे. आभाळाचे नियम मला घरबसल्या वाचता येतात आणि पायाखालच्या पुलाचे नियम मात्र कोण ड्युटीवर आहे यावर ठरतात, हे मला सहन होत नाही.

ऑक्टोबरात मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच प्रश्न: सदर पुलावरून धरणाचे छायाचित्र काढण्यास मनाई करणाऱ्या आदेशाची किंवा अधिसूचनेची प्रत द्यावी. तीस दिवसांची मुदत, उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. “सदर आदेश या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.” काकांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली. घडी घालून ती त्यांनी बँकेच्या पासबुकात ठेवली आहे.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा पुलाच्या कठड्याशेजारी नवी पाटी दिसली. निळ्यावर पांढरी अक्षरं, रंग अजून चकाकत होता. ‘धरणाचे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, कायद्याचं कलम नाही, कुणाची सही नाही. काका चष्मा सावरून पाटी दोनदा वाचत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्याचा फोटू काढता येतो का रं?”

मी काढला. दुसरा अर्ज सोमवारी टाकला, तो फोटो जोडून. या वेळीही प्रश्न एकच आहे.