गच्ची गळत नाही का? – तुम्ही विचारलंत म्हणून

आमची गच्चीवरची बाग बघायला आलेला माणूस आधी टोमॅटोला हात लावतो, मग मिरचीपाशी रेंगाळतो आणि जिना उतरताना हमखास विचारतो, "पण गच्ची गळत नाही का हो?" परवा तुम्हीही तेच विचारलंत. जिन्यात उभ्या उभ्या मी नुसतं "नाही" म्हणाले, पण ते उत्तर अपुरं होतं. बाग करायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. काय लावू, हा त्यानंतरचा.

गच्ची गळते ती साठलेल्या पाण्याने. स्लॅबला दिलेला उतार पाणी खाली जाणाऱ्या पाइपच्या तोंडावरच्या जाळीकडे नेत असतो. त्या वाटेत कुंडी बसली की पाणी तिच्यामागे अडतं, तिथे ओल धरते आणि एखादी बारीक भेग असेल तर तिच्यातून आत उतरतं. म्हणून आमच्याकडे एकही कुंडी जमिनीला टेकलेली नाही. विटांवर नाहीतर स्टँडवर, खालून झाडू फिरेल एवढी उंच.

पहिली कुंडी वर नेण्याआधी आम्ही जाळीचं तोंड बंद करून गच्चीवर दोन बोटं पाणी दोन दिवस साठवून ठेवलं आणि खालच्या खोलीतल्या छताकडे लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात तळहाताएवढा डाग उमटला. मग आधी वॉटरप्रूफिंग, नंतर बाग. चार महिने गेले त्यात. पण तो डाग कुंड्या मांडून झाल्यावर दिसला असता, तर सगळं उचलून खाली आणावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे मला लोकांची खरंच काळजी वाटते. एका चौरस मीटरवर फूटभर माती पसरली आणि ती पावसात पूर्ण भिजली, की पाचशे किलोच्या आसपास भार होतो. राहत्या घराची गच्ची बहुधा चौरस मीटरला १५० ते २०० किलोच्या हिशेबाने बांधलेली असते. तुमच्या इमारतीचा नेमका आकडा इंजिनिअरकडूनच घ्या. जुनी इमारत असेल तर त्याला वर आणून दाखवा. गच्चीभर वाफे करायचा विचार असेल तर त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नका.

मी एकदा दोन सारख्या बारा इंची कुंड्या पोटभर पाणी घालून वजनकाट्यावर ठेवल्या. मातीने भरलेली २६ किलो भरली, पालापाचोळा आणि कंपोस्टवाली १३. तेव्हापासून माती फक्त वरची चार बोटं. तळाला काड्या, त्यावर वाळकी पानं दाबून दाबून, मध्ये मूठ मूठ कंपोस्ट. महिनाभरात हा थर खचतो, पुन्हा पानं भरायची. खचलेल्या थरात हात घातला की आत ऊब लागते, आणि एखादं पान असं हाती येतं की पातं सगळं गेलेलं, नुसती शिरांची जाळी उरलेली. मी ते उजेडात धरून बघत बसते. झाडाचं जेवण तिथे तयार होत असतं.

मोठे ड्रम मात्र स्लॅबच्या मधोमध कधीच नाहीत. खाली जिथे बीम आणि कॉलम आहेत, तिथेच. मधली जागा पालेभाज्यांच्या उथळ ट्रेना.

राहता राहिली जाळी. दुसऱ्या वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात रात्री दोनला जिन्यातून पाणी उतरायला लागलं. वर गेले तर घोटाभर पाणी, आणि आम्हीच गोळा केलेली पानं जाळीवर लगदा होऊन बसलेली. अंधारात चाचपून तो लगदा ओढला तेव्हा पाणी घळघळ आवाज करत खाली गेलं. आता पानांची पोती झाकलेली असतात आणि पावसाळ्यात रोज सकाळी चहाच्या आधी जाळीला हात लावते. कठड्याच्या फटीत पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून वड-पिंपळ उगवतो, तोही त्याच फेरीत दोन पानांचा असतानाच उपटायचा. मोठा झाला की मूळ निघत नाही, भिंत निघते.

तुम्हाला करायचंच असेल तर अजून काही विकत आणू नका. जोराची सर येऊन गेली की अर्ध्या तासाने वर जा. कुठे कुठे पाणी थांबलंय ते बघा आणि त्या डबक्याभोवती विटेच्या तुकड्याने रेघ ओढून ठेवा. तेवढा उतार आधी दुरुस्त करून घ्या. रेघा आखून झाल्या की मला बोलवा, मी येते.