मध्यंतरातले आइस्क्रीम

सप्टेंबर 2018 मध्ये लंडनला काढलेल्या नऊ दिवसांपैकी आठ दिवस टॉवर, संग्रहालये, पाऊस आणि हॅरोला राहणाऱ्या मावसबहिणीच्या हातचे पिठले यांत संपले. उरलेली एक संध्याकाळ मात्र अजून घशाखाली उतरलेली नाही.

पिकॅडिली सर्कसजवळ पँटन स्ट्रीटवर पूर्वी 'कॉमेडी थिएटर' होते. 2011 पासून त्याला इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटरचे नाव आहे. पिंटरला जाऊन दहा वर्षे होत आली म्हणून तेथे त्याच्या एकांकिकांचा हंगाम लागला होता. जेमी लॉइडने बसवलेल्या राजकीय नाटुकल्यांचे तिकीट मी काढले, तेही कंजूषपणाने सर्वांत वरच्या सज्जातले, त्यामुळे नटांच्या चेहऱ्यांपेक्षा टाळूच अधिक दिसली.

'प्रिसाइसली'मध्ये दोन साहेब पेले रिचवत दोन कोटी या आकड्याला चिकटून बसतात, आणि हा हिशेब माणसांच्या मरणाचा आहे हे आपल्याला सावकाश उमगते. 'माउंटन लँग्वेज'मध्ये तुरुंगाबाहेर तिष्ठणाऱ्या म्हातारीचा अंगठा पहारेकऱ्यांच्या कुत्र्याने फाडलेला असतो, तर अधिकारी त्या कुत्र्याचे नाव विचारतो, कारण नावाशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. (सरकारी खिडकीसमोर कधी उभ्या राहिलेल्या माणसाला येथे हसू येतेच, मलाही आले.) तिच्या डोंगराळ मुलखाच्या भाषेवर बंदी असते. पुढे नियम बदलतो, कैदेतल्या मुलाशी स्वतःच्या भाषेत बोलण्याची परवानगी मिळते, आणि तोवर म्हातारीची वाचाच गेलेली असते. पिंटर 1985 मध्ये अमेरिकन नाटककार आर्थर मिलरबरोबर तुर्कस्तानात गेला होता. तेथील कुर्दी भाषेवरची बंदी या 1988 च्या नाटकामागे आहे. पुढे 1996 मध्ये उत्तर लंडनमध्ये काही कुर्दी निर्वासित याच नाटकाची तालीम करत असताना त्यांच्या खोट्या बंदुका खऱ्या समजून सशस्त्र पोलिसांनी त्यांना पकडून नेले आणि आपसांत कुर्दीत बोलायलाही मज्जाव केला, हे मला आधीपासून ठाऊक होते. तरी त्या म्हातारीचे गप्प बसणे सोसवेना.

मध्यंतराआधी 'वन फॉर द रोड' झाले. 1984 च्या या नाटकात रंगमंचावर कोणी कोणाला मारत नाही. नट अँटनी शेरने रंगवलेला, कैद्यांची चौकशी करणारा निकोलस व्हिस्की पीत मोठ्या आर्जवाने बोलत राहतो, आणि छळाने मोडलेला बाप शेवटी आपल्या सात वर्षांच्या मुलाविषयी विचारतो, तेव्हा निकोलस जे उत्तर देतो त्यातले क्रियापद भूतकाळी असते. त्या एका 'होता'वर नाटक संपते.

दिवे लागले आणि आइस्क्रीमवाली मुलगी गळ्यात ट्रे अडकवून उभी राहिली. लोकांनी लगबगीने रांग लावली. ही माणसे आहेत की कोण, असे मनाशी म्हणत मीही त्याच रांगेत शिरले आणि चार पौंडांची व्हॅनिलाची डबी घेतली. तिचा इवलासा चमचा झाकणातच दडवलेला असतो, तो सापडेपर्यंत मी अगदी गुंग झाले होते. घंटा झाली तेव्हा डबी अर्धी होती. वितळेल म्हणून उरलेले मी घाईघाईने खरवडून संपवले.