तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी चायनाची असेल तर पेटेल का?

महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न माझ्यापुढे येतो. कधी दुकानात, कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडून. "ताई, तुम्ही यातल्या माहितगार. या चायनाच्या बॅटऱ्यांवर सरकारनं जबर आयात ड्युटी लावली, तर गाड्या पेटायचे प्रकार थांबतील ना?" पंगतीत मी "निवांत सांगते" म्हणून वेळ मारून नेते, कारण हो किंवा नाही म्हणून सुटेल असं हे प्रकरण नाही. आज निवांत सांगते.

मी नाशिकला सातपूरमध्ये इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटऱ्या दुरुस्त करते, नवे पॅकही, म्हणजे बरेच सेल जोडून केलेल्या बॅटऱ्याही, बांधते. माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक लिथियम सेल चीनमध्ये बनलेला असतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या गाड्या उघडल्या तरी बहुतेक वेळा आत तेच निघतं. जगात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त तिथंच बनतात. म्हणजे चायनाची बॅटरी पेटते हे खरं, आणि वर्षानुवर्षं तक्रार न येता चालणारी बॅटरीही चायनाचीच, हेही तेवढंच खरं. देश बघून यातलं काहीच ठरत नाही.

एका पॅकची गोष्ट सांगते. पाऊस नुकताच सुरू झाला होता. एसटीतून निवृत्त झालेले एक काका भर पावसात स्कूटर ढकलत आले. ताशी पंचवीसच्या आत पळणारी, बिनपासिंगची गाडी. मुळात लेड-ॲसिडवर चालायची. त्या बॅटऱ्या बसल्यावर काकांनी बाजारातून 48 व्होल्टचा लिथियम पॅक आणून सीटखाली टाकला होता. चार महिने सुरळीत गेले. मग एका पहाटे काकूंना कसलासा गोडसर वास आला. जिन्याखाली चार्जिंगला लावलेल्या गाडीची सीट उचलली, तर पॅकला हात लाववेना. काकूंनी आधी भिंतीचं बटण बंद केलं. त्या तेवढ्या जाग्या झाल्या नसत्या तर काय झालं असतं, हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांना कळलेलं होतं.

"चायना माल, दुसरं काय!" काका म्हणाले.

पॅक मी मागच्या अंगणात पत्र्याखाली, वाळू भरलेल्या घमेल्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी उघडला. नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा तो वास अजून येत होता. सेलमधलं इलेक्ट्रोलाइट बाहेर आलं की असाच वास येतो. आत 130 सेल, दहा-दहाचे तेरा गट, एकामागोमाग एक जोडलेले. असा सेल भरला की 4.2 व्होल्ट दाखवतो, त्यापुढे जाऊच नये. मीटर लावला, तर बारा गट 4.3 च्या वर आणि सातवा गट 1.8 वर. म्हणजे बारा गटांना पोट फुटेस्तोवर भरवलं होतं आणि सातवा आतून शॉर्ट झाला होता.

असं का झालं? गणित साधं आहे. तेरा गट गुणिले 4.2, म्हणजे 54.6 व्होल्ट. लिथियमच्या चार्जरनं तिथं थांबायचं असतं. काकांनी जुना, लेड-ॲसिडचाच चार्जर वापरला होता. त्याच्यावरही "48 व्होल्ट" असंच छापलेलं आणि पिनही बरोबर बसत होती, मग त्यांना शंका येणार कुठून? तो चार्जर 58.8 व्होल्टपर्यंत चढत होता. तेराने भागा, एका सेलच्या वाट्याला साडेचार व्होल्ट येतात. अशा वेळी चार्जिंग तोडायचं काम पॅकमधल्या बीएमएसच्या, म्हणजे सेलवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटच्या, पाटीचं. तिच्यावरचा मॉसफेट, म्हणजे वीज तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट होऊन बसला होता. दरवाजा उघडाच अडकला होता म्हणा.

अजून एक गोष्ट दिसली, तिचा मात्र मला फार राग आला. सेलना नवी कोरी निळी वेष्टणं होती. एकाचं वेष्टण सोललं, तर बुडाला जुन्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके. दुसऱ्यालाही, तिसऱ्यालाही. हे सेल आधी कुठल्या तरी पॅकमध्ये राबलेले होते. तिथून उचकटून, नवा अंगरखा घालून, पुन्हा निकेलच्या पट्ट्या मारून "नवा पॅक" म्हणून काकांना विकले होते. असे सेल एका वयाचे नसतात. एकाच पॅकमध्ये कुणी दमलेला, कुणी धडधाकट. दमलेला आधी भरतो आणि आधीच रिकामाही होतो, आणि शेवटी सगळा मार त्यालाच बसतो.

आता मला सांगा, यात आयात शुल्काचा संबंध कुठं येतो? न्हावाशेवाला कंटेनर उतरतो तेव्हा कस्टमवाले मालाचा प्रकार, देश आणि बिलावरची किंमत बघून टक्के लावतात. सेलच्या बुडावरचे ठिपके त्या कागदात दिसत नाहीत. पट्ट्या मारणारा माणूस आपल्याच गावातला होता आणि चार्जरही इथंच घेतलेला. ड्युटी शंभर टक्के असती तरी काकांच्या जिन्याखाली हेच घडलं असतं. पॅक महाग झाला असता म्हणून काकांनी याहून स्वस्तातला घेतला असता, एवढाच फरक.

आग लागते कशी हेही थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. सेलमध्ये धन आणि ऋण बाजूंच्या मध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो, केसाहूनही पातळ. तो फाटला, दुमडला किंवा उष्णतेनं आकसला की आत शॉर्ट होतो. सेल तापतो, त्यातला माल विघटित होऊ लागतो, त्यातून आणखी उष्णता निघते आणि शेजारचा सेलही पेटतो. निकेल-कोबाल्टच्या सेलमध्ये धन बाजूतूनच ऑक्सिजन सुटतो, म्हणून ती आग नुसती झाकून विझत नाही. लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी सेलमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. तोही बिघडतो, त्यातूनही जळणारा वायू निघतो, पण तो इतक्या लवकर भडकत नाही. आणि गंमत बघा, हा त्यातल्या त्यात शांत प्रकार जगात बनतो तो जवळपास सगळा चीनमध्येच.

आता दुसऱ्या देशांची बॅटरी. अमेरिकेत शेव्हरोले बोल्ट नावाच्या गाडीला आगी लागू लागल्या आणि 2021 मध्ये जनरल मोटर्सला तोवर बनलेल्या सगळ्या, सुमारे 1 लाख 40 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सेल दक्षिण कोरियाच्या एलजीचे होते, कोरियात आणि अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बनलेले. कारण काय निघालं? एकाच सेलमध्ये दोन दोष: फाटलेली पट्टी आणि दुमडलेला पडदा. तोच तो केसाहून पातळ पडदा! कारखाना मिशिगनमध्ये असला म्हणून तो सरळ राहिला नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. 1 ऑगस्ट 2024 ला कोरियात इंचॉनच्या एका सोसायटीच्या तळघरात उभी असलेली मर्सिडीज पेटली आणि शंभरावर गाड्यांचं नुकसान झालं. तिचे सेल चिनी कंपनीचे होते. लोक भडकले ते मुख्यतः यावरून की एवढी महाग गाडी घेऊनही आत कुणाचा सेल आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग कोरियाच्या सरकारनं कंपन्यांना सेल बनवणाऱ्याचं नाव जाहीर करायला लावलं. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो. नाव कळलं की जाब विचारता येतो.

चीनलाही हे दुखणं चुकलेलं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नानजिंगमध्ये एका इमारतीच्या खालच्या मजल्यावर ठेवलेल्या इलेक्ट्रिक सायकलींपासून आग लागली आणि 15 माणसं गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तिथं अशा सायकलींच्या लिथियम बॅटरीसाठी सक्तीचं राष्ट्रीय मानक लागू झालं. मोटारींच्या बॅटरीचं जुनं मानक म्हणत होतं की धोक्याच्या पाच मिनिटं आधी गाडीनं आतल्या माणसांना इशारा द्यावा. नवं म्हणतं, एक सेल बिघडला तरी पॅकनं पेटायचंच नाही. ते जुलै 2026 पासूनचं. म्हणजे ज्यांची बॅटरी आपण धोक्याची समजतो, त्यांनी स्वतःच्या घरासाठी नियम आवळले. आपल्याकडे येणारा माल त्या नियमातला की त्याखालचा, हे आपण विचारायला हवं. ते विचारायचं काम ड्युटीचं नव्हे, चाचणीचं आहे.

न्यूयॉर्कनं नेमकं हेच केलं. तिथं घरपोच जेवण पोचवणारी मुलं स्वस्तातल्या इ-बाइक वापरतात आणि रात्री खोलीतच चार्जिंगला लावतात. 2023 या एका वर्षात त्या शहरात लिथियम बॅटरीच्या 268 आगी लागल्या, 18 माणसं गेली. त्या वर्षी शहरानं कायदा केला की प्रमाणित चाचणी पास झालेली बॅटरी आणि बाइकच विकता येईल. जुने सेल उचकटून बांधलेले पॅक विकायला तर सरळ बंदी. काकांच्या पॅकमध्ये ठिपके दिसले तेव्हा मला तोच नियम आठवला.

याच काळात अमेरिकेनं शुल्कही वाढवलं. 2024 मध्ये चीनच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर 25 चे 100 टक्के केले आणि गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्यांवर साडेसातचे 25. पण त्यामागचं कारण उद्योगाचं होतं. चीनमध्ये सरकारी पाठबळावर कारखाने उभे राहतात, माल गरजेपेक्षा जास्त निघतो आणि त्या भावात आमचे कारखाने टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला ते चुकीचं वाटत नाही. शुल्काचा मूळ उपयोगच तो आहे.

आपल्याकडेही मी शुल्काच्या विरोधात नाही. भारतात सेल बनावेत म्हणून 2021 मध्ये केंद्रानं 18,100 कोटींची योजना आणली. 2025 च्या अर्थसंकल्पात बॅटरी कारखान्याला लागणाऱ्या 35 प्रकारच्या यंत्रसामग्रीवरची ड्युटी माफ केली. हे योग्यच आहे. त्याच वर्षी जुलैत चीननं एलएफपी सेलच्या धन बाजूचा माल बनवण्याच्या तंत्रज्ञानावर निर्यात परवान्याची अट घातली. उद्या त्यांनी हात आखडता घेतला तर माझ्यासारखीनं काय करायचं? म्हणून इथं सेल बनायलाच हवेत. पण ती गरज वेगळी आणि काकूंचा जिना वेगळा. दोन्हींची एकच मोट बांधली की जिना राहून जातो.

आपल्या आगी आठवतात ना? मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला उभी स्कूटर पेटली. त्याच महिन्यात वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या धुरात बाप आणि लेक गेले. एप्रिलमध्ये आमच्या नाशिकात कंटेनरमध्ये चढवलेल्या 40 स्कूटरपैकी 20 जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला तर खाली स्कूटरची शोरूम आणि वर लॉज, 8 माणसं गेली. तेव्हा माझा फोन दिवसभर वाजायचा.

त्यानंतर जे झालं ते खरं काम. इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-156 हे मानक सुधारून डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं. एक सेल पेटवून आग शेजाऱ्यांकडे जाते का ते बघायचं, पाणी आत शिरू द्यायचं नाही, बीएमएस हुशार हवी, सेलचा माग काढता यायला हवा. आपल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेतही या मानकाच्या चाचण्या होतात. त्यानंतरच्या चांगल्या कंपन्यांचे पॅक मी उघडते तेव्हा फरक डोळ्यांना दिसतो: दोन सेलच्या मध्ये अंतर, त्यात भरलेला उष्णता पसरवणारा लगदा, जागोजागी तापमानाचे सेन्सर. सेल बहुतेक वेळा चिनीच. पॅक मात्र बदलला.

पण हे मानक पासिंग लागणाऱ्या गाडीला. पंचवीसच्या आतली गाडी त्यातून सुटते. आणि गाडी जुनी झाल्यावर कुणाच्याही गाळ्यात बांधून घेतलेला पॅक? मी इतकी वर्षं पॅक बांधते, माझ्या दारात आजवर कुणी तपासायला आलेलं नाही. यावं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक गटाचे आकडे वहीत लिहिलेले आहेत, मी ते दाखवीन.

भाव वाढतो तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणतं तेही सांगते. "ताई, बीएमएस साधीच टाका ना. जुनाच डबा वापरा. सेल जरा खालच्या ग्रेडचे चालतील." पैशाची ओढ असलेल्या माणसाला मी दोष देत नाही. पण ड्युटीनं भाव चढला आणि चाचणीची सक्ती नसेल, तर काटछाट पहिली कुठं होते हे मी रोज बघते. जी वस्तू गिऱ्हाइकाला दिसत नाही, तिथं.

तेव्हा गाडी घेताना चायनाची का, हे विचारून थांबू नका. सेल कुणाचा, कधीचा, एलएफपी आहे का, चाचणीचा दाखला कुठाय, चार्जर कुठल्या पॅकसाठीचा, हे विचारा. जुनी गाडी लिथियमवर नेलीत तर चार्जरही त्याच दिवशी बदला.

काकांना मी एलएफपीचा पॅक बांधून दिला. नवे सेल, एका लॉटचे. चार्जिंगची पिन मुद्दाम वेगळ्या घडणीची बसवली, जुनी पिन त्यात शिरतच नाही. काका गाडी न्यायला आले तेव्हा जुना चार्जर पिशवीत घालून निघाले होते. "चांगला चालतोय हो, भाच्याच्या गाडीला होईल." भाच्याची गाडी कुठली म्हणून विचारलं, तर तीही लिथियमची. मी दोनशे रुपये देऊ केले आणि चार्जर ठेवून घेतला. काका म्हणाले, "अहो, एवढ्याला नवाच येईल की." मी म्हटलं, "येऊ द्या. हा इथंच राहू दे." त्यांच्यासमोरच मी त्याची वायर कापली.