दोन्ही ऊन

जानेवारीत पुण्याहून मावसबहीण आली होती. अकराच्या सुमाराला मी पायात दोन-दोन मोजे चढवले, पिशवी उचलली आणि म्हटलं, "ऊन घेऊन आक्कांच्या गच्चीवर चालले गं." ती म्हणाली, "इथून ऊन नेतेस? गच्चीवर नसतं का?"

ग्वाल्हेरच्या मराठीत ऊन दोन आहेत. एक वरून येतं, ते आपलं. दुसरी बाजारातून लच्छ्यांनी येते. ती हिंदीतली, म्हणजे लोकर, आणि तिचं लिंगही आम्ही हिंदीतलंच ठेवलंय. त्यामुळे 'ऊन संपलं' म्हटलं की सतरंजी गोळा करून खाली उतरायचं आणि 'ऊन संपली' म्हटलं की दुकानात जायचं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरांत यावरून कुणाचा घोटाळा होत नाही. विणकामाची बाकीची भाषाही अशीच सरमिसळ. टाक्याला आम्ही फंदा म्हणतो (मराठी कानाला गळफास ऐकू येतो, पण इलाज नाही). सुईला म्हणतो सलाई, आणि एक ओळ विणून झाली की तीही सलाईच. अण्णा म्हणतात, सलाई आणि सलाईन यांच्यात एका 'न'चंच अंतर आहे, सांभाळून राहा.

आक्कांचं घर लष्कर भागात. १८१० च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला तो उठलाच नाही, त्याचंच पुढे शहर झालं. आमचंही तसंच झालं. एका हिवाळ्यात आक्का म्हणाल्या, "घरात कुडकुडत काय विणता, वर या." आम्ही वर गेलो ते अजून तिथेच आहोत. गच्चीवर कधी जमायचं याला घड्याळ नाही. जानेवारीतलं इथलं धुकं असं की समोरच्या घराची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नाही. आक्का खिडकीशी बसून उत्तरेकडे बघत असतात. किल्ल्याची लांब काळपट रेघ दिसायला लागली की सगळ्यांना फोन करतात. बोलायचं एकच वाक्य: "किल्ला आला."

आम्ही पाच जण, आणि पाचही नादुरुस्त. हे ठरवून झालेलं नाही. धडधाकट बायकाही येऊन गेल्या, पण त्यांना भराभर विणायचं असतं आणि आमच्या चालीने त्यांचा जीव जातो. आक्कांचे गुडघे झिजलेत. शेजारच्या सिंधी भाभीला मायग्रेन. बँकेत नोकरी करणारी एक आहे, तिला आम्ही बँकवालीच म्हणतो, तिच्याविषयी पुढे सांगते. अण्णा आक्कांचे धाकटे दीर, जे. सी. मिलमध्ये विणाई खात्यात होते. जे. सी. म्हणजे जियाजीराव कॉटन मिल, १९२१ साली बिर्लांनी काढलेली. ती बंद पडून आता जमाना झाला. अण्णांना कंपवात आहे. स्वस्थ बसले की उजवा अंगठा आणि तर्जनी आपोआप गोळी वळल्यासारखी हलत राहतात. पण हाताला काम दिलं की ही थरथर बरीच कमी होते, तिचा स्वभावच तसा, रिकाम्या हाताला छळायचा. म्हणून लच्छीचे गुंडे करणं आणि जुनी स्वेटरं उसवणं ही कामं अण्णांची. त्यांच्यासमोर रिकामी टोपली म्हणून ठेवायची नाही.

आणि मला आमवात. सहा वर्षं झाली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नाही. चहाच्या कपाला मी दोन्ही हातांनी धरते, आरतीचं तबक धरावं तशी. आमवात बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे धरतो, नखाजवळचे सहसा सोडतो. हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, सलाईचं टोक तर तिथेच धरायचं असतं. पण फंदा उचलायला मनगटापासून सगळा हात लागतो, आणि शंभर फंद्यांची एक सलाई म्हणजे तो शंभर वेळा लागतो. एका डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "विणकाम बंद करा." स्वयंपाक बंद करा असं मात्र म्हणाले नाहीत.

पूर्वी मी बारा नंबरवर बॉर्डर आणि दहा नंबरवर अंग विणायची. सलाईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. दुखणं वाढलं तसा माझा नंबर उतरत गेला, दहावरून नऊ, नवावरून आठ, आता सात. शाळेत नंबर असा खाली आला असता तर घरात पेढे वाटले असते. थंडीत अॅल्युमिनियमच्या सलाया हातात धरवत नाहीत, म्हणून भाभीने कुठूनशा बांबूच्या आणून दिल्या. मोठं काम असेल तर गोल सलाई, म्हणजे सगळा भार मांडीवर पडतो आणि मनगट सुटतं. हे शोध आम्हीच एकमेकींवर प्रयोग करून लावलेत. नातेवाइकांचे शोध वेगळे: तांब्याचं कडं, भिजवलेल्या मेथ्या, आंबट सोड. मी कडं घातलं, मेथ्या खाल्ल्या. आंबट सोडलं नाही.

फिजिओथेरपी करणारी मुलगी मात्र शहाणी निघाली. म्हणाली, "विणा की. वीस मिनिटं विणा आणि थांबा. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी." हे आधी थांबणंच विणणाऱ्या माणसाला जमत नाही. एवढी सलाई, एवढाच गळा, असं करत दुपार होते आणि रात्री हात उशीवर ठेवून रडायची पाळी येते. ही जबाबदारी अण्णांनी घेतली. दर वीस मिनिटांनी ते तोंडाने मिलचा भोंगा वाजवतात. अगदी हुबेहूब, खालून चढत जाणारा आणि शेवटी रेंगाळणारा. पहिल्या दिवशी शेजारच्या गच्चीवरची दोन माकडं पळाली. भोंगा झाला की सगळ्यांनी सलाया खाली ठेवायच्या, फंदा अर्धा असला तरी. बारा वाजताचा भोंगा त्यांच्या स्वतःच्या गोळीचाही असतो. ती खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, म्हणून साडेबारापर्यंत गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या वड्यांचा, डबा उघडत नाही. डबा भाभीचा, पण किल्ली अण्णांच्या पोटात, असं आक्का म्हणतात.

असे बरेच नियम होत गेले आणि ते कुणी ठरवले हे आता कुणालाच आठवत नाही. आमचा वार आधी रविवार होता. मी आमवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाचं औषध घेते, आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री. रविवार सगळा मळमळण्यात जातो. मी दोन रविवार आले नाही. तिसऱ्या आठवड्यात आक्कांचा फोन आला, "मंगळवारी ये." बँकवालीने त्यासाठी साहेबाशी भांडून मंगळवारची सकाळ सोडवून घेतली, हे मला वर्षभराने कळलं. भाभीला डांबराच्या गोळ्यांच्या वासाने मायग्रेन उठतं, आणि ग्वाल्हेरात लोकरीची ट्रंक म्हणजे डांबरगोळ्याच. आता आमच्या पाचही घरांत ट्रंकेत कडुनिंबाचा पाला असतो. कसरीने माझी एक शाल खाल्ली, पण ते असो. भाभीच्या डोळ्यांपुढे आधी वाकडीतिकडी चमकती रेघ येते. ती दिसली की भाभी सलाया ठेवून उठते. कुणी विचारत नाही. खालच्या खोलीचा पडदा मंगळवारी सकाळपासून ओढलेलाच असतो.

खरं तर 'कशी आहेस' हा प्रश्न आमच्यात नाहीच. त्याचं उत्तर काय द्यायचं हा आजाऱ्याला रोजचा पेच. बरी आहे म्हणावं तर खोटं, आणि खरं सांगावं तर समोरचा मेथ्यांवर येतो. आम्ही विचारतो, "आज किती सलाया?" वीस म्हणजे छान चाललंय. सहा म्हणजे रात्री झोप नव्हती. "उसवलं सगळं" म्हणजे दुखणं अंगातलं नाही, घरातलं आहे, तेव्हा जरा सरकून बसायचं.

आता बँकवाली. चाळिशीची, आमच्यात सर्वांत धाकटी. अंग अंग दुखतं, आठ तास झोपूनही थकवा उतरत नाही, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. फायब्रोमायल्जिया हे नाव मिळेपर्यंत तिचे पाच डॉक्टर झाले. या आजाराला रक्ताची तपासणी नाही. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ जागा दाबून बघायच्या आणि ११ ठिकाणी दुखलं तर धरायचं, असं होतं. २०१० मध्ये तेही बदललं. मी तिच्याबद्दल मनात काय म्हणत होते ते लिहूनच टाकते. माझ्याकडे रक्ताच्या तपासण्यांचे आकडे होते. ईएसआर होतं, सीआरपी होतं, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह होतं. माझं दुखणं लेटरहेडवर छापलेलं होतं. शिंद्यांच्या दरबारात मानकरी असत तसे ते दुखण्यांतही असतात, आणि मी रिपोर्टवाली, म्हणजे पहिल्या रांगेतली. ती कण्हत जिना चढली की मी मनात म्हणायची, हिला जरा कौतुकाची सवय आहे.

एके दिवशी तिने विणलेला मफलर आक्कांनी कठड्यावर पसरला. सरळ साधी विण, नमुना नाही काही. पण तो मफलर एका रुंदीचा नव्हता. वीतभर छान, मग चार बोटं आवळलेलं, मग पुन्हा सैल, मग इतकं घट्ट की फंद्यात नख जाऊ नये. विणणाऱ्याचा 'हात' म्हणतात तो हा. प्रत्येकीचा ठरलेला असतो, आणि दुखत असलं की माणूस सलाईला बुडत्यासारखं धरतो. आक्कांनी एका आवळलेल्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा मंगळवार वाईट होता ना गं?"

"बुधवार, आक्का," ती म्हणाली. पुढच्या पट्ट्याकडे बघून म्हणाली, "हा मार्चएंड."

मी चष्मा काढून पुसला आणि माझ्या बॉर्डरचे फंदे मोजायला लागले. ते बरोबर आहेत हे मला माहीत होतं.

मागच्या नोव्हेंबरात माझं उजवं मनगट सुजलं आणि तीन आठवडे पट्टीत गेलं. दिल्लीच्या भाच्याचं स्वेटर अर्धवट होतं, एक बाही राहिली होती. ती पिशवी माझ्या घरून कधी गेली ते कळलंच नाही. परत आली तेव्हा बाही जोडलेली होती. वरचा अर्धा भाग बँकवालीने विणला होता, खालचा भाभीने. एकीचा हात घट्ट, दुसरीचा मोकळा. दंडाला चिकटलेली आणि मनगटाशी ढगळ, दुधीभोपळ्यासारखी बाही. मी कौतुक करायला तोंड उघडलं, पण निघालं हसू. अण्णांच्या बोटांना उसवायचा वास लागलाच होता. "उसवू?" म्हणाले. आक्का म्हणाल्या, "उसवाल हो, पण परत विणायला बोटं कुणाची आहेत?"

भाच्याने ते घातलं. फोनवर म्हणाला, "मावशी, डावी बाही मापात चुकली का गं?" मी म्हटलं, "तू जेवताना दुमडून घे."

वर्षातून एकदा ग्वाल्हेरच्या मेळ्याला जातो. हा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी भरवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तो पायीच बघायचा असतो, हे त्यातलं वाईट. आम्ही घडीचं एक स्टूल नेतो आणि पाळीपाळीने बसतो. मेळा असा काही दिसत नाही, पण मोठा पापड खाऊन होतो आणि भर थंडीत सॉफ्टीही. माझ्या हातात सॉफ्टीचा कोन बरोबर बसतो. मूठ तितकीच मिटते.

यंदा मेळ्यात बँकवाली नव्हती. त्यानंतरचे दोन मंगळवारही आली नाही. तिसऱ्या मंगळवारी धुकं उठेना. आक्कांचा फोन आला, "किल्ला काही येत नाही." मी बँकवालीला फोन लावला आणि विचारलं, "आज किती सलाया?"

ती म्हणाली, "अर्धी."

सलाई अर्धी सोडायची ती फक्त आमच्या गच्चीवर, भोंग्याला. एरवी विणणारी बाई दार वाजलं, दूध उतू गेलं, तरी ओळ पुरी करून उठते. मी भाभीला हाक मारली आणि आम्ही रिक्षाने गेलो. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. विणकाम पायथ्याशी पडलेलं, दोन्ही सलायांवर निम्मे-निम्मे फंदे. मी दोन्ही टोकांना रबर गुंडाळून ते पिशवीत ठेवलं, म्हणजे फंदे गळणार नाहीत. भाभीने चहा टाकला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग तिने विचारलं, "किल्ला आला?"

तिच्या घरातून किल्ला दिसत नाही, समोर चार मजल्यांची इमारत आहे. भाभी उठली, पडदा जरा सरकवून त्या इमारतीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "आ रहा है."